इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यावा का? आधी तोंड रंगवून पाहा

इंदूरचा माणूस चॉकलेटचा कागद रस्त्यावर टाकणार नाही, खिशात घालून घरी आणेल. २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या यादीत पहिला नंबर काढणारं गाव आहे हे. पण रात्री साडेअकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, भुट्ट्याचा कीस आणि वर हातभर जिलबी खाऊन आलेले किती जण झोपायच्या आधी दात घासतात, याचं सर्वेक्षण झालं तर आपला नंबर कितवा येईल ते न बोललेलं बरं. आमच्या घरापुरतं सांगते: चारांत दीड. एक मी, आणि अर्धे हे, कारण हे ब्रश तोंडात घालतात आणि वाहतं पाणी बंद करेपर्यंत बाहेर काढतात.

गेल्या दिवाळीत नणंदबाई न्यू जर्सीहून आल्या तेव्हा सासूबाईंसाठी इलेक्ट्रिक ब्रश घेऊन आल्या. सासूबाई ७८ वर्षांच्या, संधिवाताने बोटं वाकलेली, साधा ब्रश मुठीत धरतात तो लाटणं धरल्यासारखा. चार्जर आपल्या प्लगमध्ये बसेना म्हणून ह्यांनी जेलरोडवरून ॲडॉप्टर आणला, लावला, आणि दहा मिनिटांत बाथरूममध्ये जळका वास. चार्जरच्या पोटावर मुंगीच्या अक्षरात ११० ते १३० व्होल्ट लिहिलं होतं. आपल्या भिंतीत २३०. ॲडॉप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मग इथेच नवा घ्यायचा का, यावर घरात दोन तट पडले. चिरंजीव मोबाइलवर नऊ हजारांचा दाखवू लागले. ह्यांचं म्हणणं, चाळीस रुपयांच्या ब्रशवर पिढ्या निघाल्या. (पिढ्या खरं तर राखुंडीवर निघाल्या, आणि साठीत त्यांची बोळकी झाली.) शेवटी मी वही घेऊन बसले. ज्या क्रमाने ठरवत गेले, तोच क्रम खाली देते आहे.

आधी आरशासमोर परीक्षा

दुकानात जायच्या आधी हे करा, खर्च जवळजवळ शून्य. नेहमीसारखे दात घासा, मुद्दाम जास्त नीट नको. मग अर्ध्या वाटी पाण्यात खाण्याच्या लाल रंगाचे चारपाच थेंब टाका, अर्धा मिनिट तोंडात खुळखुळवा, थुंका आणि एकदा साध्या पाण्याने हलकी चूळ भरा. दातांवर जंतूंचा जो चिकट पातळ थर असतो, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात, तो रंग धरून ठेवतो. स्वच्छ दात पांढरा राहतो. दातांच्या डॉक्टरांकडे याच कामाच्या गोळ्या मिळतात, त्या जास्त स्पष्ट दाखवतात, पण पहिल्या अंदाजाला घरचा रंग पुरतो. ओठांना आधी व्हॅसलीन लावा, जुना सदरा घाला, बेसिन लगेच धुवा. आमच्या चिरंजीवांनी हे कॉलेजला निघायच्या आधी केलं आणि दिवसभर पान खाल्ल्यासारखा हिंडला.

आता मोबाइलचा टॉर्च लावून बघा. समोरचे दात बहुतेकांचे बरे निघतात, कारण ते आपण लोकांसाठी घासतो. लाल राहतं ते तीन ठिकाणी: खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू, शेवटच्या दाढेची मागची भिंत, आणि दात जिथे हिरडीत शिरतो तिथली रेघ. फोटो काढून ठेवा, पुढे लागतील.

आमचे चार निकाल असे आले. सासूबाई: जवळजवळ सगळीकडे लाल. चिरंजीव, वय १७, दातांना तारा: तारांभोवती लालेलाल. हे: पुढे स्वच्छ, दाढांच्या आतून लाल. मी: जवळजवळ काहीच नाही, आणि मला फार आनंद झाला. तो आनंद डॉक्टरीणबाईंनी उतरवला. त्यांनी आरसा धरून दाखवलं की माझ्या डाव्या सुळ्याची हिरडी वर सरकली आहे आणि दाताच्या मानेशी खाच पडली आहे. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर डाव्या बाजूला जास्त पडतो. म्हणजे मी दात घासत नव्हते, कढई घासत होते.

पंधरा दिवस साधाच ब्रश, पण नीट

ही पायरी कोणालाच आवडत नाही आणि पैसे हिलाच वाचतात. इलेक्ट्रिक ब्रश तुम्हाला दोन गोष्टी विकत देतो: हाताची हालचाल आणि पूर्ण दोन मिनिटं. त्यातली मिनिटं फुकटही मिळतात. फोनवर दोन मिनिटांचा गजर लावा. पहिल्या दिवशी ती दोन मिनिटं राजवाड्यापासून पलासियापर्यंतच्या ट्रॅफिकइतकी लांब वाटतील.

ब्रश मऊ घ्या. कडक केसांनी दात जास्त स्वच्छ होतात हा समज हिरड्यांना महागात पडतो. ब्रश मुठीत धरू नका, पेनसारखा तीन बोटांत धरा. जोर आपोआप निम्म्यावर येतो. केस हिरडीकडे तिरके, साधारण ४५ अंशांत, अर्धे दातावर अर्धे हिरडीच्या कडेवर टेकवा. तिथल्या तिथे बारीक थरथरवा, मग पुढच्या दोन दातांवर. करवत चालवल्यासारखं लांब मागेपुढे नको. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी; जाहिरातीत दाखवतात ती केसांवरची लाट पेस्ट विकणाऱ्यांच्या सोयीची आहे. शेवटी फेस थुंका, पण लगेच चार चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका.

पंधरा दिवसांनी पुन्हा रंग. ह्यांचे दात जवळजवळ पांढरे निघाले. त्यांना मशीनची नाही, गजराची गरज होती. माझी खाच भरून येणार नव्हती, पण तीन बोटांच्या पकडीने एक गोष्ट दिसली: पूर्वी माझा ब्रश महिन्यात झाडूसारखा फिस्कटायचा, आता दोन महिने होऊनही सरळ आहे. ब्रश लवकर फिस्कटत असेल तर तुम्ही फार जोर लावता, याहून स्वस्त चाचणी नाही.

सासूबाई आणि चिरंजीव मात्र होते तिथेच राहिले. मशीनचा विचार आता या दोघांपुरता उरला.

मशीन नेमकं काय करतं

बाजारात मुख्य जाती तीन. पहिलीत पेन्सिल सेल घालायचा. त्याचं हेड, म्हणजे केसांचा वरचा भाग, नुसतं थरथरतं किंवा थोडं फिरतं आणि सेल उतरला की जोरही उतरतो. दुसरीत छोटं गोल हेड असतं, ते पूर्ण गरगर फिरत नाही, डावीउजवीकडे झटके घेतं, मिनिटाला हजारो वेळा. ओरल-बीचे बहुतेक रिचार्जेबल ब्रश या जातीचे. तिसरी सोनिक: हेड साध्या ब्रशसारखं लांबट, पण मिनिटाला तीसेक हजार झटक्यांनी कंप पावतं. फिलिप्सचा सोनिकेअर हा त्यातला ओळखीचा.

फायदा खरा आहे का? आहे, पण जाहिरातीएवढा नाही. आरोग्याच्या संशोधनांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्या तपासल्या. साध्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने प्लाक पहिल्या एक ते तीन महिन्यांत ११ टक्के कमी आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्के कमी दिसला. हिरड्यांची सूज याच क्रमाने ६ आणि ११ टक्के कमी. आकडे एका बाजूला झुकलेले आहेत, यात शंका नाही. पण ही सरासरी आहे, आणि एवढ्या फरकाने प्रत्यक्ष दातांच्या आरोग्यात किती भर पडते ते स्पष्ट नाही, असं त्या छाननी करणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. ज्याची हिरडी आधीच ठणठणीत आहे त्याच्या पदरात या २१ टक्क्यांतलं फार थोडं पडतं. ज्याचे दात रंगाने लाल होतात त्याला बरंच मिळू शकतं.

मशीन काय करत नाही, तेही सांगते, कारण दुकानदार सांगणार नाही. दगडासारखं घट्ट झालेलं किटण कोणत्याही ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांनीच काढायचं. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे दोरा किंवा फटीचा बारीक ब्रश लागतोच. लागलेली कीड बरी होत नाही. आणि गुटख्याचे डाग ‘व्हाइटनिंग’ नावाच्या बटणाने जातील ही आशा सोडा.

कोणाला हवा

हातात पकड नाही, कंप आहे, पक्षाघाताने एक हात गेला आहे, किंवा घरातलं दुसरं कोणी दात घासून देतं: इथे घ्या, फार हिशेब करू नका. जाड दांडा पकडायला सोपा आणि मनगट हलवावं लागत नाही. हृदयात पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. काढता येणारी कवळी किंवा दात मात्र बाहेर काढून वेगळ्या ब्रशने घासायचे.

तारा लावलेल्या मुलांना उपयोग होतो, पण अट एक: मूल तो वापरणार असलं पाहिजे. मी चिरंजीवांना सांगितलं, आधी महिनाभर रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, मग बोलू. नऊ दिवसांत गाडी रुळावरून उतरली. त्यांचं प्रकरण सध्या स्थगित आहे; तारांच्या ब्रशवर आणि फटीच्या बारीक ब्रशवर काम चालू आहे.

माझ्यासारख्या जोरात घासणाऱ्यांना प्रेशर सेन्सर असलेला ब्रश कामाचा. फार दाबलं की दिवा लागतो किंवा गती कमी होते. पण सेन्सरविना मशीन अशा हातात देऊ नका. आणि ज्याला ‘सगळ्यांकडे आहे’ म्हणून हवा आहे, त्याला तो आठव्या महिन्यात कपाटात सापडतो.

पाच वर्षांचा हिशेब

खरी किंमत दांड्याची नसते, हेडची असते. इंकजेट प्रिंटर घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. साधा काय, विजेचा काय, ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलायचा. वर्षाला चार धरू. खालचे आकडे हिशेबापुरते आहेत, तुमच्या हातातल्या डब्यावरचे घालून पुन्हा मांडा.

साधा मऊ ब्रश ४० रुपये. वर्षाला १६०, पाच वर्षांत ८००. दिवसाला पंचेचाळीस पैशांच्या आत.

रिचार्जेबल दांडा १८०० रुपये, हेड ३०० ला एक. पाच वर्षांत २० हेड लागतात, एक सोबत येतं, उरले १९. त्यांचे ५७००, अधिक दांडा, एकूण ७५००. दिवसाला चार रुपयांच्या थोडं वर. दांडा तीनच वर्षं टिकला तर १८०० आणि ११ हेडचे ३३०० मिळून ५१००, म्हणजे दिवसाला पावणेपाचच्या आसपास.

चिरंजीवांचा नऊ हजारांचा, हेड ७०० ला: ९००० अधिक १३,३०० म्हणजे २२,३००. दिवसाला बारा रुपये. वाढीव पैशांत काय मिळतं? ब्लूटूथ, पाच प्रकारची कंपनं, प्रवासाची डबी आणि फोनवर दातांचा नकाशा. दातांना यातलं काही कळत नाही.

आता गंमत. दोघांत एक दांडा घेतला, प्रत्येकाचं हेड वेगळं, तर? हेड ३९ विकत लागतील, ११,७००, दांडा १८००, एकूण १३,५००, माणशी ६७५०. म्हणजे पाच वर्षांत माणशी वाचले फक्त साडेसातशे. ह्यांनी हा आकडा तीनदा तपासला. आयुष्य बँकेत गेलं, तरी पटेना. दांड्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. हेडचा भाव विचारा, तोच खरा भाव.

पैसे वाचवायला हेड सहा महिने वापरू नका. फिस्कटलेल्या केसांचं महागडं मशीन ताज्या साध्या ब्रशपेक्षा वाईट. महिना ओढाताणीचा असेल तर साधा मऊ ब्रश, गजर आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडे स्केलिंग म्हणजे किटण काढणं, यात काही कमीपणा नाही.

दुकानात काय बघायचं

आधी हेड, मग ब्रश. घराजवळच्या मेडिकलवाल्याला विचारा, या दांड्याचं हेड तुमच्याकडे कायम असतं का. मी दवाबाजारात एकाला विचारलं तर तो म्हणाला, “भाभीजी, कोई भी लगा लो, सब चल जाएगा.” सगळं चालत नाही. एका कंपनीचं हेड दुसरीच्या दांड्यावर सहसा बसत नाही, आणि एकाच कंपनीच्या गोल आणि सोनिक जातीतही अदलाबदल होत नाही. ऑनलाइन ‘चालणारी’ स्वस्त हेड मिळतात. काही बरी, काहींचे केस आठवड्यात गळतात. घ्यायचीच तर आधी एकच पाकीट घ्या.

चार्जरच्या पोटावर ‘१०० ते २४०’ असं दिसलं पाहिजे. परदेशातून कोणी आणणार असेल तर त्यांना तिथल्या दुकानातूनच त्या आकड्याचा फोटो पाठवायला सांगा. आमचा जळलेला चार्जर अजून फडताळात आहे, पाहुण्यांना दाखवायला.

दोन मिनिटांचा टायमर हवाच, आणि दर तीस सेकंदांनी किंचित थांबून बाजू बदलायची खूण देणारा असेल तर उत्तम. प्रेशर सेन्सर असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. हेडवर मऊ केस लिहिलेलं बघा. बाकी सगळं नटवणं. आणि वॉटर फ्लॉसर म्हणजे पाण्याची पिचकारी मारणारं यंत्र. ते इलेक्ट्रिक ब्रश समजून उचलू नका, दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात.

तोंडात घालायची वस्तू म्हणून सील फोडल्यावर बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. वॉरंटी किती, दुरुस्ती इंदुरात होते की बाहेर पाठवावी लागते, हे सील शाबूत असतानाच विचारा आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

आम्ही शेवटी गोल हेडचा, टायमर आणि सेन्सर असलेला मधल्या भावातला घेतला. एकच. सासूबाईंसाठी.

पहिला महिना

पहिल्या दिवशी सासूबाईंनी बाहेरच बटण दाबलं आणि पेस्ट आरशावर, माझ्या साडीवर आणि गणपतीच्या कॅलेंडरवर. क्रम असा: पेस्ट लावा, ब्रश तोंडात घाला, ओठ जरा मिटा, मग बटण. बंद करायचा तोही तोंडातच.

दुसरी चूक सगळेच करतात, मशीन चालू असताना हातही चालवतात.

“आई, हा हलवायचा नाही.”

“मग मी करायचं काय?”

“नुसता दातावर टेकवायचा. दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुढचा दात.”

“म्हणजे आरती ओवाळतो तसा नाही, अक्षता टाकतो तसा.”

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. बाहेरची बाजू, मग आतली, मग चावायची; तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला तीस सेकंद. पहिले चार दिवस नाकात गुदगुल्या होतात, त्या जातात. हिरडी सुजलेली असेल तर सुरुवातीला थोडं रक्त दिसू शकतं. घाबरून घासणं थांबवू नका, पण दोन आठवड्यांनीही येत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आधीच विचारून घ्या.

वापरून झालं की हेड काढून वाहत्या पाण्याखाली धुवा, दांड्याची वरची कांडी पुसा. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोअरचं. बोअरच्या पाण्याने कांडीवर पांढरा खर धरतो आणि महिन्याभरात हेड घट्ट बसून जातं. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसलं की होत नाही. हेड उभं, उघडं वाळू द्या. दांडा गिझरच्या डोक्यावर ठेवू नका, बॅटरी लवकर मरते.

सहा आठवड्यांनी पुन्हा लाल रंग, आणि पहिला फोटो शेजारी. सासूबाईंचे खालचे पुढचे दात आतून स्वच्छ निघाले, दाढांमागे अजून लाल आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी फटीचा ब्रश दिला आहे, तो मी रात्री लावून देते. फोटोंत फरकच दिसत नसता, तर मी मशीन चिरंजीवांना दिलं असतं आणि पुढची हेड घेतली नसती.

मेलेला दांडा सुक्या कचऱ्यात टाकू नका, आत बॅटरी असते. सकाळच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, गाडीवाल्या भैयाच्या हातात सांगून द्या. आम्ही न्यू जर्सीचा दांडा तसाच दिला. चार्जर द्यायला ह्यांचा अजून जीव होत नाही. म्हणतात, एखादा ट्रान्सफॉर्मर मिळतो का बघतो.